आखूड दोरी, लांब फेर

'स्विंग' हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर नव्या चेंडूची शिवण आणि ढगाळ हवा उभी राहते. मासेमारीतही एक स्विंग आहे, आणि तोही तितकाच फसवा आहे. वाहत्या नदीत आडवी दोरी टाकली की प्रवाह ती ओढू लागतो. दोरीच्या टोकाला पिसांचा, केसांचा नाहीतर चकचकीत धाग्यांचा बनवलेला खोटा किडा किंवा खोटी मासोळी असते. तिला 'फ्लाय' म्हणतात. दोरीचे एक टोक काठीला धरून ठेवलेले असल्यामुळे हा फ्लाय वाहून न जाता नदीच्या मध्यापासून मोठी कमान काढत काठाकडे सरकतो. ही कमान म्हणजे स्विंग. मराठीत तिला फेर म्हणावयास हरकत नसावी. मासा झडप घालतो ती बहुधा या फेरातच, आणि म्हणून फेर किती वेगाने, किती खोलीवरून आणि कोणत्या रेषेने जातो यावर सगळा खेळ अवलंबून असतो. दोरी लांब फेकता येणे ही त्याची केवळ पूर्वतयारी होय.

आखूड स्पे लाइन वापरणाऱ्यांना ही गोष्ट उशिरा कळते, असा या छंदातल्या जाणत्यांचा अनुभव आहे. कारण आखूड लाइनने फेकणे सोपे केले आणि फिरवणे मात्र अवघड करून ठेवले. हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्पे ही स्कॉटलंडमधील एक वेगवान नदी. तिच्या काठाला उंच दरडी आणि झाडी. सामन माशासाठी येणाऱ्यांना दोरी मागे झुलवून पुढे फेकण्याइतकी जागा पाठीमागे मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे एक निराळी फेक रूढ झाली. दोन्ही हातांनी धरावयाच्या लांब काठीने दोरी पाण्यावरून उचलायची, तिचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवून त्याचा नांगरासारखा आधार घ्यायचा, काठीमागे इंग्रजी 'डी' अक्षरासारखा फास तयार होऊ द्यायचा आणि त्या फासातला ताण पुढे सोडून द्यायचा. मागे हातभर जागा असली तरी पुरते. त्या काळी काठ्या अठरा ते वीस फुटांच्या, जड लाकडाच्या असत. आज कार्बन तंतूंच्या साधारण अकरा ते पंधरा फुटी काठ्या वापरतात.

जुन्या पद्धतीच्या दोरीत पुढचा जाड भाग फार लांब असे. या जाड भागाला 'हेड' म्हणतात. फेकीचे वजन त्यातच असते, कारण फ्लायला स्वतःचे असे वजन नसतेच. लांब दोरीचे हेड पासष्ट फूट किंवा त्याहूनही अधिक असते. ते हवेत उचलून फिरवायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पुढे स्वीडनच्या गोरान अँडरसन यांच्या पद्धतीतून तीस-चाळीस फुटांची 'स्कँडी' हेड पुढे आली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातील स्कॅगिट नदीकाठी, हिवाळी स्टीलहेड माशाच्या मागे असलेल्या एड वॉर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८०-९०च्या दशकांत त्याहून आखूड, वीस ते पंचवीस फुटांची, बुटकी आणि वजनदार 'स्कॅगिट' हेड घडवली. तिच्यापुढे शिशासारखी बुडणारी दहा-पंधरा फुटांची टिप जोडता येते आणि कोंबडीच्या पिलाएवढा ओला फ्लायही तिला जड होत नाही. दोन दिवसांत नवशिका ऐंशी फूट फेकू लागतो. यश इतके झटपट येते की, पुढे काही शिकायचे उरले आहे याचा विसर पडतो.

आता फेर म्हणजे नेमके काय ते पाहू. सांगलीकरांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. कृष्णा भरून वाहत असताना पैलतीर गाठणारा पोहणारा नाकासमोर जात नाही. तो अंग तिरके ठेवतो, निम्मे काम पाण्यावर सोपवतो आणि निघाला त्याच्या बराच खाली जाऊन लागतो. सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत सुकाणू सांभाळणाऱ्यालाही नाव प्रवाहाशी किती तिरपी धरायची याचेच गणित करावे लागते. समजा, एखादी नाव लांब दोराने वरच्या अंगाच्या झाडाला बांधली आणि किंचित तिरपी ठेवली, तर वल्हे न मारता ती आपोआप नदी ओलांडू लागेल. फ्लाय ही ती नाव, आणि काठी धरणारा माणूस हे ते झाड.

फरक एवढाच की, नावेच्या दोरावर सहसा पाण्याचा जोर लागत नाही, दोर हवेत असतो. फ्लायची दोरी मात्र पाण्यात पडलेली असते आणि पाण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. नदी सर्वत्र सारख्या वेगाने वाहत नाही. मध्यावर धार जोराची, काठाशी मंद, दगडाच्या आडोशाला जवळजवळ थांबलेली. जोराची धार दोरीचा मधला भाग पुढे लोटते, दोरीला झोल पडतो आणि तो झोल आपल्यामागे फ्लायला खेचत नेतो, जसे वळण घेताना बैलगाडीच्या मागे बांधलेले लाकूड फरपटत जाते. झोल जितका मोठा तितका फ्लाय वेगाने आणि पृष्ठभागाच्या जवळून पळतो. नदीतली खरी मासोळी प्रवाहाला आडवी अशी कधी पळत नाही. मोठा मासा हे ओळखतो आणि तोंड फिरवतो.

झोल कमी करण्याचा पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय फेकीच्या कोनात आहे. दोरी प्रवाहाशी काटकोनात पडली तर प्रवाहाचा पूर्ण वेग तिच्यावर आडवा लागतो. तीच ४५ अंशांत पडली तर आडवा लागणारा वेग सुमारे ७१ टक्के राहतो. ३० अंशांत तो निम्मा होतो. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून प्रत्यक्ष रेटा ४५ अंशांना निम्मा आणि ३० अंशांना अवघा चौथाई उरतो. हे हिशेब ढोबळ आहेत, नदी काही प्रयोगशाळेतली नळी नव्हे. पण दिशा बरोबर दाखवतात. ज्याचा फ्लाय फार पळतो त्याने आणखी काही करण्यापूर्वी खालच्या अंगाला अधिक तिरपे फेकून पाहावे. बहुतेकांची निम्मी अडचण तिथेच संपते.

मात्र तिरप्या फेकीची किंमत मोजावी लागते. दोरी पडताक्षणी ताणली जाते, फ्लायला बुडायला उसंत मिळत नाही आणि फेरही आखूड होतो. खोल डोहाच्या तोंडाशी मासा तळाजवळ असेल तर असा फेर त्याच्या डोक्यावरून निघून जाईल. तेव्हा काटकोनाच्या जवळ फेकायचे, दोरीला काही क्षण सैल सोडायचे, फ्लाय व टिप बुडू द्यायची आणि मग ताण घ्यायचा, असा उलटा मार्ग पत्करावा लागतो. सैलपणा आणि ताण यांच्यातली ही देवघेव म्हणजेच फेरावरचा ताबा. बुडणाऱ्या टिपांवर टी-८, टी-११, टी-१४ असे आकडे असतात. फुटामागे तितके ग्रेन वजन असा त्यांचा अर्थ. पण फेर वेगाचा असेल तर टी-१४ सुद्धा वर उचलली जाते आणि फेर मंद असेल तर हलकी टिपही पुरेशी खोल जाते. दुकानात अधिक जड टिप मागण्यापूर्वी वेग कमी करून पाहिलेला बरा.

सैलपणा देण्याची जुनी, रूढ रीत म्हणजे 'मेंडिंग'. पाण्यावर पडलेली दोरी काठीच्या टोकाने उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवायची, म्हणजे झोल खालच्या बाजूला पडण्याऐवजी वरच्या बाजूला पडतो आणि प्रवाहाला तो सरळ करायला वेळ लागतो. तेवढा वेळ फ्लाय मोकळा असतो. लांब हेडच्या दोरीला हे सहज जमते. येथेच आखूड हेडचा खरा दोष उघडा पडतो.

ऐंशी फुटांची फेक धरू. लांब दोरीत पासष्ट फुटांचे हेड आणि पुढे पंधरा फुटांची पारदर्शक तंगूस असेल, तर जाड भाग थेट काठीच्या टोकापर्यंत येतो. काठीने दिलेला हेलकावा जाड भागातूनच जाड भागाकडे जातो. जसे जाड दोरखंडाला झटका दिला की लाट शेवटपर्यंत पोहोचते. स्कॅगिटमध्ये बावीस फुटांचे हेड, दहा फुटांची टिप आणि चार फूट तंगूस मिळून होतात छत्तीस फूट. उरलेले चव्वेचाळीस फूट म्हणजे 'रनिंग लाइन', हेडच्या मागची बारीक दोरी. सुतळीच्या टोकाला दोरखंड बांधून सुतळीला झटका दिला तर दोरखंड हलत नाही, सुतळीच तेवढी उडते. इथेही तेच होते. काठी कितीही जोराने फिरवली तरी लाट बिजागरीपाशी, म्हणजे बारीक आणि जाड दोरीच्या सांध्यापाशी, मरते. उलट झटका अधिक जोराचा झाला तर हेड वर सरकण्याऐवजी आपल्याकडे खेचले जाते आणि बुडत चाललेला फ्लाय वर येतो. आखूड दोरीवर दर दोन सेकंदांनी मेंडिंग करणारा माणूस पाण्यावर फार व्यग्र दिसतो, पण आपल्याच फ्लायला तो सुखाने बुडू देत नसतो.

म्हणून आखूड दोरीवर मेंडिंग एकदाच, आणि लवकर. हेड पाण्यावर पडत असतानाच, ते प्रवाहाच्या पकडीत जाण्यापूर्वी, काठी उंच उचलून हळू, लांब, मागे ओढल्यासारखी चाल करायची. त्यात हेडची मागची कड सांध्यासह वरच्या अंगाला सरकते आणि दोरी एका सरळ रेषेत येते. ही चाल झटक्याची नसून उचलण्याची आहे. काही जण तर दोरी हवेत असतानाच काठीचे टोक वरच्या बाजूला नेतात, म्हणजे दोरी पडतानाच वरच्या अंगाला पडते. त्यानंतर दोरीला हात लावायचा नाही. राहिलेली कामे काठी, पाय आणि बोटे यांनी करायची.

काठीचे काम सोपे, पण फार जण ते विसरतात. तेरा फुटी काठी उंच धरली तर जवळच्या धारेवरची बरीचशी बारीक दोरी हवेत राहते आणि तिला झोल पडत नाही. स्वतःच्या पायांपाशी जोराची धार असेल आणि मासे पलीकडच्या मंद पाण्यात असतील, तर ही उंची सगळ्यांत अधिक कामी येते. पुढे फेर सुरू झाला की काठीचे टोक कुठे रोखले आहे यावर वेग ठरतो. टोक नदीच्या बाजूला, दोरीच्या मागे रेंगाळत ठेवले की झोल उथळ राहतो आणि फ्लाय संथ होतो. टोक दोरीच्या पुढे, काठाकडे नेले की फ्लायला ओढ बसते आणि तो वेग घेतो. मध्यावरच्या जोराच्या धारेत पहिली रीत वापरायची आणि फ्लाय काठाजवळच्या मंद पाण्यात शिरला, मरगळू लागला, की दुसरी. एकाच फेरात दोन्ही करावे लागते. सगळा फेर एकाच ठिकाणी काठी धरून काढणारा माणूस पहिल्या अर्ध्यात फार वेगाने आणि दुसऱ्या अर्ध्यात फार हळू मासेमारी करत असतो.

पायांचे काम म्हणजे फेकीनंतर लगेच खालच्या अंगाला दोन-तीन पावले चालणे. मेंडिंग करून जो सैलपणा मिळवायचा तोच चालण्यातून मिळतो, आणि हेडला धक्का लागत नाही. रिवाज असा की, फेर पूर्ण झाल्यावर पाऊल टाकायचे आणि मग फेकायचे. खोल पाण्यात तो उलटा करावा: आधी फेक, मग पावले. बोटांचे काम म्हणजे दोन-चार फूट जादा दोरी हातात ठेवून योग्य क्षणी ती सोडणे. यासाठी रनिंग लाइनची निवडही महत्त्वाची ठरते. गुळगुळीत एकतंतू तंगूस फेकीला लांब जाते, पण पाण्यावर तिच्यावर कसलाच ताबा राहत नाही. प्लास्टिकचा लेप असलेली तरंगणारी रनिंग लाइन थोडी कमी जाते, पण उचलता आणि वळवता येते. दहा फूट अधिक फेकण्यापेक्षा साठ फुटांवरचा फेर हाती असणे केव्हाही बरे. धारांचा गुंता असलेल्या नदीत तर स्कॅगिट बाजूला ठेवून स्कँडी किंवा मध्यम लांबीचे हेड घेणेच शहाणपणाचे. आखूड दोरी प्रत्येक पाण्यासाठी नाही, हे तिच्या जाहिरातींत लिहिलेले नसते.

हे सारे सातारा-सांगलीच्या नद्यांवर लावून पाहिले तर काय दिसते? या काठांना स्पे काठीची परंपरा नाही. येथे भोई समाजाची जाळी आणि पोरांचे गळ. पण वाहत्या पाण्याचे नियम स्कॉटलंडसाठी वेगळे आणि कोयनेसाठी वेगळे नसतात. शिवाय एका बाबतीत या खोऱ्याचा फ्लाय फिशिंगच्या जगाशी जुना संबंध आहे. दख्खनच्या नद्यांतल्या महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचा नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला, म्हणजे भीमेमार्फत कृष्णेच्याच खोऱ्यातला होता. साइक्सची एक सवय चांगली होती. मराठी माणसे माशाला जे नाव घेत तेच तो शास्त्रीय नावात घेई. 'टॉर खुद्री' या नावातला खुद्री तसा आला. सामनच्या मागे वाढलेल्या इंग्रजांना हिंदुस्थानात त्याच्या तोडीचा मासा म्हणून महसीरच दिसला. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिले, तेव्हापासून त्या माशाचे कौतुक इंग्रजी पुस्तकांतून चालू आहे.

पुढचा इतिहास थोडा विचित्र आहे. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७०च्या दशकात खुद्री महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बीज देशभरच्या नद्या-तलावांत सोडले गेले. त्यातले काही कावेरीत गेले. तेथे मूळचा वशिंडाचा महसीर होता. त्याची संख्या घटत गेली आणि २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीत उपरे ठरले. मासा सोडणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून दक्षिणेला उतरते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला येते. वरचा भाग आता शिवसागर जलाशयात आणि अभयारण्यात आहे. तेथे काठी घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. धरणाखाली मात्र नदी पुन्हा नदीसारखी वाहते. दगडगोट्यांचा तळ, उथळ खळाळ, मग डोह, मग पुन्हा खळाळ. फेर काढण्यासाठी याहून योग्य पाणी नाही. खळाळ जेथे डोहात शिरतो तेथे मध्यावरची जोराची जीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मंद पाणी यांच्यामध्ये एक शिवण दिसते, पाण्यावर फेसाची रेघ ओढल्यासारखी. मोठा मासा या शिवणीच्या मंद बाजूला उभा राहतो. धार खाणे आणून देते आणि मंद पाण्यात उभे राहायला श्रम पडत नाहीत. फ्लायने ही शिवण हळू ओलांडावी एवढेच साधायचे असते. शिवण येण्यापूर्वी काठीचे टोक नदीकडे, शिवण ओलांडताना क्षणभर तसेच, आणि पलीकडे गेल्यावर काठाकडे.

मात्र कोयनेचे पाणी घड्याळावर नाही, विसर्गावर चालते. पायथा वीजगृहात प्रत्येकी २० मेगावॅटचे दोन संच आहेत. एक चालू असला तर १०५० क्युसेक, दोन्ही चालू असले तर २१०० क्युसेक पाणी नदीत येते. २१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास साठ हजार लिटर. पावसाळ्यात सहा वक्र दरवाजे उचलले की हे आकडे कितीतरी पटींनी वाढतात. नदीपात्रात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसासाठी ही साधी माहिती नव्हे. सकाळी एका संचाच्या पाण्यावर बसवलेला कोन आणि टिप दुपारी दुसरा संच सुरू झाल्यावर निरुपयोगी ठरते, हा झाला लहान भाग. मोठा भाग असा की, परतीची वाट ज्या दगडांवरून होती ते दगड पाण्याखाली गेलेले असतात. विसर्ग वाढवण्यापूर्वी भोंगा होतो आणि नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. तो ऐकू आला की फेर अर्धवट सोडून काठ गाठणे एवढेच करावे. धार वाढते आहे याची पहिली खूण पाण्यावर वाहत येणारा पालापाचोळा आणि किंचित गढूळलेला रंग ही असते.

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एकत्र पुढे जातात. नद्यांचे संगम सहसा तिरपे असतात. हा अपवाद पाहायला लोक येतात आणि समोर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीवर डोके टेकवतात. पाणी वाचायला शिकणाऱ्यासाठी तो एक फळाच आहे. कोणत्या नदीला त्या दिवशी जोर अधिक आहे त्याप्रमाणे शिवण इकडे किंवा तिकडे सरकते, आणि काठावर पाच मिनिटे बसले तरी ती डोळ्यांना दिसते.

कराडच्या खाली चित्र बदलते. कृष्णा सपाटीवर येते, पात्र रुंद होते. बहे येथे रामलिंगाच्या बेटापाशी ती दुभंगून वाहते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक त्या बेटावर आहे. अशा बेटाच्या खालच्या टोकाला, दोन धारा पुन्हा एकत्र येतात तेथे, फेरासाठी उत्तम पाणी असते, निदान पाणी वाहत असते तेव्हा. कारण बहे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशी बंधाऱ्यांची माळच या नदीवर आहे. पावसाळा संपला की बरगे घालतात आणि बंधाऱ्यामागे मैलोगणती फुगवटा साठतो. उसाला आणि शहरांना ते पाणी हवेच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण फुगवट्यात प्रवाह नसतो, आणि प्रवाह नसला की फेरही नसतो. तेथे टाकलेली दोरी जिथे पडली तिथेच पडून राहते. फ्लाय तळाच्या गाळात जातो. हाताने दोरी ओढून फ्लायला चालवावे लागते, आणि मग स्पे काठीचा काहीच उपयोग उरत नाही.

माशांनाही हे कळते. वाहते पाणी, स्वच्छ गोटे आणि भरपूर प्राणवायू यांवर जगणारा महसीर फुगवट्यात रमत नाही. तेथे मरळ, वाम आणि बाहेरून आलेला चिलापी यांचे राज्य. उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यात सांडपाणी आणि मळी उतरली की प्राणवायू संपतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला मृत माशांचा खच पडला, त्याची छायाचित्रे अनेकांच्या स्मरणात असतील. वाहत्या नदीत आलेले विष पुढे जाते, विरळ होते. थांबलेल्या नदीत ते थांबते.

सांगली जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे आणि ती दात असलेली आहे. भिलवडी, औदुंबर या परिसरात कृष्णेत मगरी आहेत. नदीकाठच्या माणसांवर आणि जनावरांवर त्यांचे हल्ले झालेले आहेत. पाण्यात उतरून, कमरेपर्यंत उभे राहून, तासन्‌तास फेर काढण्याची पाश्चात्त्य रीत येथे चालणार नाही. काठावरून, तोही उंच आणि मोकळ्या काठावरून, जेवढे जमेल तेवढेच. योगायोग असा की, उंच दरड आणि मागे झाडी ही स्पे फेक जन्माला घालणारीच परिस्थिती आहे. फक्त स्पेच्या काठी झाडीतून मगर येत नाही.

फेराचा शेवट हाही फेराचाच भाग आहे. दोरी थेट खालच्या अंगाला सरळ झाली की फ्लाय तेथे टांगल्यासारखा उभा राहतो. उतावळा माणूस लगेच दोरी गोळा करतो. मध्यापासून फ्लायचा पाठलाग करत आलेला मासा अनेकदा याच ठिकाणी मन पक्के करतो; म्हणून पाच-सात सेकंद थांबावे, मग दोन-तीन आखूड ओढी द्याव्यात आणि त्यानंतरच नवी फेक. दोन फेकींमध्ये एक पाऊल खाली सरकले की प्रत्येक फेर आधीच्या फेराला समांतर, हातभर खालून जातो आणि डोहाचा कोपरा न्‌ कोपरा विंचरून निघतो. एकाच जागी उभे राहून पन्नास वेळा फेकणारा एकाच माशाला पन्नास वेळा तोच फ्लाय दाखवत असतो, आणि पहिल्यांदा नाकारलेली वस्तू मासा सहसा पुन्हा घेत नाही.

मासा लागला की काठी वर झटकण्याचा मोह आवरावा लागतो. गळाला खरवड लागली की हिसका द्यायचा, हे नदीकाठच्या प्रत्येक पोराच्या हातात मुरलेले असते. फेरात मात्र मासा खाली तोंड करून वळतो, तेव्हा दोरीचा झोलच गळ त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात नेऊन बसवतो. वर हिसका दिला तर गळ त्या वळण्याआधीच तोंडातून निसटतो. रिळाजवळ हातभर दोरीचा सैल फास बोटाखाली धरून ठेवतात तो यासाठीच: मासा तो फास ओढून घेतो, वळतो, आणि मग रीळ बोलू लागते. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण त्याच्या जबड्याची ताकद अशी की कच्चा गळ वाकतो किंवा मोडतो. म्हणून तारेचा गळ जाड हवा आणि त्याला उलटा काटा नसावा. ओठाच्या कोपऱ्यात बसलेला बिनकाट्याचा गळ चिमट्याने एका क्षणात निघतो आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडता येतो. घशात उतरलेला गळ काढताना मासा बहुधा दगावतो. संथ, ताब्यातला फेर आणि बिनकाट्याचा गळ असला की मासा जगतो, पळणारा फ्लाय आणि हिसका असला की तो जखमी होऊन सुटतो किंवा मरतो.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या आणि चांदोलीच्या वनक्षेत्रात, मासेमारीला मनाई आहे. अन्य जलाशयांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यांची संमती लागते. नदीच्या मोकळ्या पात्रासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून जावे. देवस्थानांच्या घाटाखालचे डोह तर कागदावर नसले तरी राखीवच समजले जातात. तेथे लोक माशांना चुरमुरे घालतात, आणि तेथे काठी बाहेर काढणाऱ्याला कायद्याआधी गाव गाठते.

उरतो प्रश्न हंगामाचा. आषाढ-श्रावणात कोयना-कृष्णा तांबड्या मातीने दाट होतात. त्या पाण्यात मासा फ्लाय पाहूच शकत नाही, शिवाय पावसाळा हा महसीरच्या प्रजननाचा काळ. दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळू लागते, दरवाजे बंद होतात, पण बरगे अजून सगळीकडे बसलेले नसतात. बरगे बसेपर्यंतच्या त्या थोड्या दिवसांत कराडच्या खालीही कृष्णा तळ दिसेल इतकी स्वच्छ असते आणि वाहत असते.